निद्रिस्त राजकन्या आणि तिचा वितरक

१९८७च्या मे महिन्यात न्यू जर्सीचा मामा सांगलीला आला, तेव्हा त्याने माझ्यासाठी एक कॅसेट आणली होती. फुगीर, पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्यातली. 'स्लीपिंग ब्युटी'. आमच्या घरी व्हीसीआर नव्हता. १९८२च्या आशियाई क्रीडास्पर्धांनंतर गावोगावी व्हिडिओचे जे वेड पसरले, त्यात आमच्यासारख्या घरांचा वाटा एवढाच, की कधीतरी एका रात्रीपुरता व्हीसीआर भाड्याने आणायचा आणि पहाटेपर्यंत तीन सिनेमे संपवायचे. त्या रात्री मोठ्यांचे दोन सिनेमे ठरले होते आणि तिसरा माझा.

माझा सिनेमा दिसलाच नाही. पडद्यावर करड्या पट्ट्या वरून खाली धावत होत्या, मधूनच एखादा चेहरा चमकून जाई, आणि राजकन्या घोगऱ्या पुरुषी आवाजात रेंगाळत गात होती. मामा खजील झाला. "अगं, तिकडे मस्त चालते ही," असे तो पुन:पुन्हा म्हणत राहिला. सकाळी मशीन न्यायला आलेल्या व्हिडिओवाल्या काकांनी कॅसेट उलटसुलट करून पाहिली आणि सांगितले, "पोरी, कॅसेट बिघडलेली नाही. देश वेगळा आहे."

काकांचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या अचूक होते. अमेरिकेची एनटीएससी पद्धत ५२५ रेषांची, सेकंदाला सुमारे ३० चित्रांची. आपली पाल पद्धत ६२५ रेषांची आणि २५ चित्रांची. तिकडची फीत आपल्या यंत्रात हळू ओढली जाई, म्हणून आवाज जड होई. पण नऊ वर्षांच्या मुलीला त्यातले काय कळणार! पुढची कितीतरी वर्षे तो डबा माझ्या पुस्तकांच्या फळीवर उभा होता. सिनेमा मला माहीत नव्हता, पण डबा पाठ होता. 'वॉल्ट डिस्ने क्लासिक्स' हे शब्द मी राजकन्येच्या नावाआधी वाचायला शिकले. आज वाटते, तो योगायोग माझ्या पथ्यावर पडला. सिनेमाच दिसला असता, तर डब्याकडे इतके निरखून कोण पाहील? आणि हा लेख त्या डब्याविषयी आहे, म्हणजे डबा बनवणाऱ्या, त्यावर नाव छापणाऱ्या, तो बाजारात आणणाऱ्या आणि बाजारातून काढून घेणाऱ्या वितरकाविषयी.

आपल्या बालसाहित्याच्या आणि बालचित्रपटांच्या समीक्षेत लेखक असतो, चित्रकार असतो, दिग्दर्शक असतो, क्वचित वाचकही असतो. वितरक नसतो. तो जणू हमाल. माल या टोकाकडून त्या टोकाकडे नेणारा. डिस्नेच्या घरगुती कॅसेटींचा इतिहास पाहिला, तर हा समज टिकत नाही. कलाकृती केव्हा दिसेल, किती दिसेल, कोणत्या नावाने दिसेल आणि तिच्यातले काय गाळले जाईल, हे सगळे इथे वितरकाने ठरवले. ज्याने इतके ठरवले त्याला हमाल म्हणता येत नाही. तो संपादक आहे; आणि संपादकाची समीक्षा व्हायला हवी.

कोर्टात विरोध, दुकानात लाभ

या गोष्टीची सुरुवात एका विसंगतीने होते. सोनी कंपनीने १९७५ साली बेटामॅक्स हे घरी टीव्हीवरचे कार्यक्रम मुद्रित करणारे यंत्र बाजारात आणले. पुढच्याच वर्षी युनिव्हर्सल आणि वॉल्ट डिस्ने प्रॉडक्शन्स या दोन स्टुडिओंनी सोनीवर दावा ठोकला. लोक घरबसल्या आमची मालमत्ता नकलून घेतील, ही त्यांची तक्रार. खटला आठ वर्षे चालला. १७ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने सोनीच्या बाजूने कौल दिला : सोयीच्या वेळी पाहण्यासाठी घरी केलेले मुद्रण बेकायदा नाही.

या निकालपत्रात मुलांच्या बाजूचा एक आवाज नोंदवला गेला आहे. सार्वजनिक दूरचित्रवाणीवर लहान मुलांचा कार्यक्रम करणाऱ्या फ्रेड रॉजर्स यांनी खालच्या कोर्टात साक्ष दिली होती, की कुटुंबांनी आपला कार्यक्रम मुद्रित करून सवडीने एकत्र पाहिला, तर आपली मुळीच हरकत नाही. बहुमताचा निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी या साक्षीची दखल घेतली. म्हणजे मुलांसाठी काम करणारा एक माणूस यंत्राच्या बाजूने उभा होता आणि मुलांच्या करमणुकीचा सर्वांत मोठा कारखाना यंत्राच्या विरोधात.

पण खटला चालू असतानाच, १९८० साली, डिस्नेने स्वतःच्या कॅसेटी काढायला सुरुवात केली होती. पहिल्या यादीत १३ शीर्षके होती. 'द लव्ह बग', 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी' यांसारखे खऱ्या नटांचे चित्रपट आणि मिकी-डोनाल्डच्या लघुपटांचे काही संग्रह. ज्यांच्यामुळे डिस्ने हे नाव जगाला ठाऊक, त्या पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटांपैकी एकही नाही. पुढे 'डम्बो' आणि 'ॲलिस इन वंडरलँड' आले; पण ते पन्नाशीच्या दशकातच टीव्हीवर दाखवून झालेले होते. टीव्हीने 'उष्टावलेले' तेवढेच कॅसेटवर द्यायचे, असा हा सोवळे-ओवळ्याचा हिशेब.

बाकीचे का नाहीत, याचे उत्तर जुन्या वितरणपद्धतीत आहे. 'स्नो व्हाइट' १९३७चा. युद्धकाळात, १९४४ साली, तो पुन्हा थिएटरांत लावला गेला आणि पुन्हा गर्दी झाली. स्टुडिओच्या ध्यानात आले, की मोठ्यांचा सिनेमा जुना होतो; मुलांचा होत नाही, कारण प्रेक्षकच दर सात-आठ वर्षांनी नवा जन्मतो. १९५३ पासून डिस्नेने 'ब्युना व्हिस्टा' ही स्वतःची वितरणसंस्था चालवली आणि ही फेरी अंगवळणी पाडून घेतली. 'स्लीपिंग ब्युटी' १९५९चा. तो १९७०, १९७९ आणि १९८६ साली पुन्हा थिएटरांत आला. शेतकरी जमीन पाळीपाळीने पडीक ठेवतो, तसे हे चित्रपट. कॅसेट म्हणजे या शेतीचा एकरकमी सौदा. एकदा घरात गेलेली कॅसेट परत कोण आणणार?

तिजोरीचे कुलूप

१९८४च्या सप्टेंबरात मायकेल आइस्नर यांनी कंपनीची सूत्रे घेतली आणि त्याच डिसेंबरात 'वॉल्ट डिस्ने क्लासिक्स' या मालेची पहिली कॅसेट आली. 'क्लासिक' म्हणजे अभिजात. आपल्याकडे हा शब्द काळाच्या कसोटीला उतरलेल्या कृतीसाठी वापरतात. या मालेत तो मान सर्वांआधी मिळाला 'रॉबिन हूड'ला. हा चित्रपट तेव्हा अवघा अकरा वर्षांचा होता. आणि त्याची अभ्यासकांत ख्याती कशासाठी, तर त्यातल्या नाचाच्या प्रसंगात 'स्नो व्हाइट', 'द जंगल बुक', 'द ॲरिस्टोकॅट्स' यांतल्या जुन्या हालचाली गिरवून पुन्हा वापरल्या आहेत म्हणून! चित्रपट गोड आहे, माझे त्याच्याशी भांडण नाही. पण तो अभिजात ठरला समीक्षकाच्या किंवा प्रेक्षकाच्या मताने नव्हे, डब्यावरच्या छापील पट्टीने.

पुढच्या वर्षी 'पिनोकिओ' आला, ७९ डॉलर ९५ सेंट किमतीला. या किमतीमागे व्हिडिओ लायब्ररीचे अर्थशास्त्र होते. अमेरिकी कायद्याप्रमाणे विकत घेतलेली कॅसेट दुकानदार हवी तितक्यांदा भाड्याने देऊ शकतो आणि स्टुडिओला त्यातला छदामही मिळत नाही. म्हणून पहिल्या विक्रीतच सगळे वसूल करायचे. मोठ्यांच्या सिनेमाला हे ठीक होते. तो आपण एकदा पाहतो. पण मूल तसे पाहत नाही. एकच गोष्ट आजीकडून रोज रात्री ऐकणारे मूल एकच कॅसेट रोज दुपारी लावते. इतक्यांदा भाडे देण्यापेक्षा आईबाप ती विकतच घेतील, हे वितरकाला उमगले. 'पिनोकिओ'ची किंमत उतरवली गेली आणि १९८६ साली 'स्लीपिंग ब्युटी' २९ डॉलर ९५ सेंटला आला. मामाला परवडला तो त्यामुळे.

ज्या यंत्राविरुद्ध आठ वर्षे दावा लढला, त्या यंत्राने डिस्नेला असे घराघरांत नेले. १९९५ साली 'द लायन किंग'च्या कॅसेटी तीन कोटींच्या आसपास खपल्या.

मग जुन्या फेरीचे काय झाले? वितरकाने ती मोडली नाही, कॅसेटीला लावली. ठरावीक मुदत विक्री, मग विक्रीबंद. चित्रपट 'तिजोरीत' परत जाणार, आत्ताच घ्या, असे जाहिरातीच सांगू लागल्या. 'स्लीपिंग ब्युटी' १९८८ साली बंद झाला तो १९९७ साली पुन्हा विक्रीला आला. पेरोच्या कथेत राजकन्या शंभर वर्षे झोपते. डिस्नेच्या पटकथेत ती झोप एका रात्रीवर आणली आहे, कारण राजपुत्राशी तिची आधीच ओळख करून द्यायची होती. पटकथेने कमी केलेली झोप वितरकाने अशी नऊ वर्षांवर नेली.

आपल्याकडेही मुलांची पुस्तके वर्षानुवर्षे मिळेनाशी होतात. पण आपल्या टंचाईमागे बहुधा हेळसांड असते; आवृत्ती संपते आणि कुणाला पुढची काढावीशी वाटत नाही. तिथली टंचाई योजलेली होती. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. हेळसांडीवर टीका करायला आपण शिकलो आहोत. टंचाईच जेव्हा आदराचे रूप घेऊन येते, 'दुर्मीळ ठेवा' म्हणून येते, तेव्हा आपण फसतो. डिस्नेच्या जुन्या कॅसेटींविषयी आज जे हळवेपण दिसते, त्यातले किती चित्रपटाचे आणि किती कुलपाचे, हे वेगळे करून पाहायला हवे.

चौकटीची कात्री

माझी कॅसेट मी अखेर पाहिली ती पुण्यात, फिती डिजिटल करून देणाऱ्या एका दुकानात. फितीच्या कडेला बुरशी धरली होती. त्याआधीच, २००८ साली दुरुस्त करून काढलेल्या डिस्कवर, मी हा चित्रपट पाहिला होता. दोन्ही शेजारी लावल्यावर जे दिसले, ते या लेखाचे मुख्य कारण आहे.

'स्लीपिंग ब्युटी' हा ७० मिलिमीटर टेक्निरामा पद्धतीचा चित्रपट. त्यावर ६० लाख डॉलर खर्च झाले होते. स्टुडिओचा तोवरचा सर्वांत महागडा ॲनिमेशनपट. त्याची चौकट उंचीच्या दुपटीहून बरीच रुंद. तिच्या दृश्यशैलीची आखणी आयव्हिंड अर्ल या चित्रकाराची. मध्ययुगीन भिंतपडदे आणि सचित्र हस्तलिखिते हा त्याचा आदर्श. त्याची झाडे चौकोनी, खोडे सरळसोट, प्रत्येक पान वेगळे, आणि पुढचे-मागचे सगळे सारखेच रेखीव. अशा चित्रात नजरेला कुणी हाताला धरून नेत नाही. ती आपल्या मर्जीने फिरते. सुरुवातीला राजकन्येच्या बारशासाठी किल्ल्याकडे निघालेली मिरवणूक पाहा : घोडे, निशाणे, सरदार, सामान्य जन यांची लांबच लांब ओळ. तिचा अर्थच तिच्या लांबीत आहे. सगळे राज्य आले आहे. न बोलावलेली एकच आहे.

जुन्या टीव्हीची चौकट रुंदीला उंचीच्या जेमतेम १.३३ पट. कॅसेटवर हे चित्र बसवायचे, तर दोन मार्ग. वर-खाली काळ्या पट्ट्या ठेवून पूर्ण चित्र दाखवायचे, किंवा पट्ट्या न ठेवता दोन्ही बाजू छाटायच्या. वितरकाने छाटणी निवडली. पाचातले दोन हिस्से तरी गेले. आणि बाजूचे काही दाखवणे भागच असेल, तिथे चौकट सरकवायची. चित्रकाराने स्थिर ठेवलेले दृश्य कॅसेटवर हलू लागते. मिरवणूक आता पसरत नाही. ती एका काठाने आत येते आणि दुसऱ्या काठाने निघून जाते. जंगलात राजपुत्र आणि राजकन्या यांच्यामध्ये अर्लने जे अंतर ठेवले, तेही आकसते. जे भिंतपडद्यासारखे वाचायचे होते, ते खिडकीतून डोकावल्यासारखे दिसते.

कुठे पाहायचे, हे आता प्रेक्षक ठरवत नाही. कुठल्याशा खोलीत चौकट सरकवणारा तंत्रज्ञ ठरवतो. त्याचे नाव डब्यावर नाही. पण त्या दशकातल्या मुलांनी जो 'स्लीपिंग ब्युटी' पाहिला, त्याचा एक कर्ता तो आहे. ज्या डब्यावर 'क्लासिक' लिहिले, त्याच डब्यात अभिजाततेचा दोन पंचमांश भाग नव्हता, ही या मालेतली सर्वांत बोलकी गोष्ट.

शब्दांची दुरुस्ती, आठवणींची दुरुस्ती

संपादक कधी कधी चांगलेही छाटतो. ते नोंदवले नाही तर हा लेख एकांगी होईल. 'अलादीन' १९९२ साली थिएटरांत आला तेव्हा त्याच्या सुरुवातीच्या गाण्यातल्या काही शब्दांवर अरब-अमेरिकी संघटनेने आक्षेप घेतला. अरबांना क्रूर ठरवणाऱ्या त्या ओळी १९९३च्या कॅसेटसाठी बदलल्या गेल्या. आक्षेप रास्त होता, बदलही रास्त. 'फँटेशिया'त एका पांढऱ्या सेंटॉरच्या खुरांना पॉलिश करणारी काळी सेविका होती. वंशद्वेषी व्यंगचित्राच्या वळणाची ती आकृती १९६९च्या पुनःप्रदर्शनापासूनच काढून टाकलेली होती. १९९१च्या कॅसेटमध्येही ती नाही.

इथे माझे मन दोन्हीकडे ओढले जाते. सहा वर्षांच्या मुलासमोर ती आकृती असू नये, हे मला मान्य आहे. पण काढली आहे, हे डब्यावर कुठेही लिहिलेले नाही, हे मान्य नाही. वंशवादी चित्रणामुळे वादग्रस्त ठरलेला १९४६चा 'साँग ऑफ द साउथ' अमेरिकेत कॅसेटवर कधीच आला नाही. ब्रिटनमध्ये मात्र त्याच कंपनीने तो विकला. म्हणजे प्रश्न फक्त नीतीचा नव्हता, कोणत्या बाजारात बोभाटा होईल याचाही होता. मुलांसाठी संक्षेप करताना आपले जुने अनुवादक 'संक्षिप्त' किंवा 'रूपांतरित' असे मुखपृष्ठावर सांगत. तो प्रामाणिकपणा तिथे दिसत नाही. चूक दुरुस्त करणे वेगळे आणि ती कधी केलीच नव्हती असे भासवणे वेगळे.

वितरक लेखक होतो तेव्हा

१९९४ साली या वितरकाने शेवटची पायरी चढली. 'द रिटर्न ऑफ जाफर' हा 'अलादीन'चा पुढचा भाग थिएटरला वगळून थेट कॅसेटवर आला. येऊ घातलेल्या टीव्ही मालिकेची सुरुवात म्हणून केलेले ते काम. रेखाटन थिटे, आणि जिनीला रॉबिन विल्यम्सचा आवाजही नाही. पण तो धो धो खपला. मग रांगच लागली. 'द लायन किंग'चा दुसरा भाग, पाठोपाठ दीडवा भाग. २००२ साली तर 'सिंड्रेला'चाही दुसरा भाग आला. लग्न झाले, सुखाने नांदू लागली, इथे जी गोष्ट संपते, तिला पुढे ओढण्याचे कारण कथेत नव्हते, दुकानातल्या फळीत होते. 'भविष्यात काय खपेल' हे ठरवणारा विभागच आता 'पुढे काय घडेल' हे ठरवत होता. कारागीर त्यात कमी पडले, असे मी म्हणणार नाही. त्यांना दिलेला प्रश्नच कथेचा नव्हता. २००७च्या सुमारास जॉन लॅसेटर यांच्या अमदानीत ही रांग थांबवली गेली, तोवर कॅसेटचे युगही संपले होते.

रिवाइंड

तर मग माझा निकाल काय? वितरकाने चौकट छाटली, कुलूप लावले, नावे वाटली, खुणा पुसल्या. हे सगळे खरे. तरी एक गोष्ट त्याच्या हातून निसटली आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. कॅसेट घरात गेल्यावर बटण मुलाच्या हाती आले. थिएटरमध्ये राक्षसीण आली, की मूल आईच्या पदराआड तोंड लपवी. सिनेमा थांबत नसे. कॅसेटवर मूल तिला थांबवू शकते, मागे नेऊ शकते, तिचा ड्रॅगन होण्याआधीचा क्षण दहादा पाहून भीतीची धार बोथट करू शकते. सात वर्षांनी एकदा येणारा सण रोजच्या गोष्टीसारखा झाला. वितरकाला या सवयीतून पैसा दिसला, हे खरे. पण सवय त्याने निर्माण केलेली नव्हती. ती आजीच्या गोष्टीइतकी जुनी आहे.

म्हणून मुलांच्या कलाकृतींच्या वितरणाला माझी कसोटी साधी आहे. पूर्ण दाखवता का? काही गाळले असेल तर तसे सांगता का? आणि पुन्हा पाहू देता का? त्या कॅसेटीने पहिल्या दोन प्रश्नांना नाही म्हटले आणि तिसऱ्याला, जिला मिळाली तिच्यापुरते, हो म्हटले. आजच्या फोनवरच्या पडद्याला हेच तीन प्रश्न विचारून पाहावेत. तिथे एखादा चित्रपट आज असतो आणि उद्या गुपचूप नसतो. कुलूप लावल्याची जाहिरातही होत नाही. आणि तिथे मुलाच्या हाती फळीवर ठेवायला डबा नसतो.

माझा डबा अजून फळीवर आहे. मामा आता थकला आहे. गेल्या वर्षी तो आला, तेव्हा त्याच्या नातीला मी पुण्यात करून घेतलेली प्रत दाखवली. ती कापलेली, सरकणारी, मधूनच करडी होणारी. तिने रुंद चित्राची प्रत आधी पाहिलेली होती. थोडा वेळ बघून ती म्हणाली, "आत्या, बाजूची माणसं कुठे गेली?"

मला हा प्रश्न विचारायला तीस वर्षे लागली होती.